सुमो की बोलेरो? तुलनेआधी विचारायचा प्रश्न

संशोधन आराखड्यात ‘तुलनात्मक अभ्यास’ हे दोन शब्द किती सहज येऊन बसतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. दोन कवी, दोन गावं, दोन योजना. मग मार्गदर्शक विचारतात, “हेच दोन का?” आणि आपण म्हणतो, “दोन्ही महत्त्वाचे आहेत, सर.” पुढचा प्रश्न येतो, “कुणासाठी?” इथं बहुतेकांची गाडी अडकते.

गाडीचा विषय निघालाच आहे तर उदाहरणही गाडीचंच घेऊ. माझा अभ्यास महाराष्ट्रातल्या रस्ते वाहतुकीच्या इतिहासावर आहे, आणि त्यात एक तुलना सारखी पुढ्यात येते. साल २००१ धरा. सातारा-सांगलीकडचं एक मोठं कुटुंब, दहा-अकरा माणसं. घर मी कल्पनेतलं घेतोय, पण अशी घरं तुम्हाला ठाऊक असतील. उसाचं बिल आलंय, धाकट्या मुलाला लायसन मिळालंय, आणि घरात एक ‘मोठी गाडी’ घ्यायचं ठरलंय. ओसरीवर दोनच नावं चालू आहेत : टाटाची सुमो आणि महिंद्रची बोलेरो. थोरले म्हणतात सुमो, धाकटा म्हणतो बोलेरो. कुणाचं बरोबर?

याचं उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्यानं देऊ नये, असं माझं मत आहे. आपण आधी हे विचारायचं की हा प्रश्न पडायला काय काय घडून यावं लागलं.

दोन्ही कंपन्यांचा जन्म १९४५ चा. टेल्को रेल्वेची इंजिनं बनवायला निघाली आणि १९५४ पासून डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रककडे वळली. महिंद्रची सुरुवात पोलादाच्या व्यापारातून झाली. तेव्हा नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होतं. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इथं कंपनीचं नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलिज जीपची जुळणी त्याच सुमारास सुरू झाली होती. (एका जीपच्या मागं फाळणीचा इतिहास उभा असतो, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.)

पुढची चाळीसेक वर्षं परवान्याची. कार कुणी बनवायची, ट्रक कुणी, जीप कुणी, हे सरकार ठरवायचं. घरासाठी गाडी म्हणजे अँबॅसडर किंवा फियाट, १९८३ नंतर मारुती. या गाड्या पाच माणसांच्या हिशोबानं घडलेल्या. दहा माणसांच्या घरासाठी कार नव्हतीच. त्या घराला वऱ्हाड न्यायचं झालं की ट्रक, टेम्पो, मॅटाडोर किंवा जीप. म्हणजे मोठ्या कुटुंबाची गरज कारवाल्यांनी कधी पाहिली नाही, ती भागवली ट्रकवाल्यांनी आणि जीपवाल्यांनी. प्रवासी मोटारींवरचं परवान्याचं बंधन १९९३ मध्ये उठलं, तेव्हा ही दोन घराणी आपापलं सामान घेऊन तयार होती.

टेल्कोकडे १९८८ पासून टाटामोबाइल ही पिकअप होती. तिच्याच कुळातून १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो आली. सुमो पुण्याची. नावातही पुण्याचा कारखाना उभा करणारे सुमंत मूळगावकर आहेत : सुमंतमधला ‘सु’, मूळगावकरमधला ‘मो’. मूळगावकर १९८९ मध्ये वारले, गाडी नंतर आली. ते रोज ढाब्यावर जाऊन ट्रकड्रायव्हरांबरोबर जेवायचे, ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट तुम्हालाही आली असेल. नावाची गोष्ट वेगळी आणि जेवणाची वेगळी, दोन्ही एका दमात एकाच पुराव्यावर सांगू नका, एवढंच माझं म्हणणं. महिंद्रकडे जीपचा वारसा होता. १९९३ ला आर्माडा आली, आणि २००० साली नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो.

एक ट्रकच्या घरातली, दुसरी जीपच्या घरातली. दोघींना वेगळी मजबूत चासी, दोघींच्या मागच्या बाजूला पाटे, दोघी डिझेलच्या. आणि दोघींचे कारखाने महाराष्ट्रात, एकमेकांपासून दोनेकशे किलोमीटरवर. ओसरीवरच्या मंडळींना या दोन गाड्या एका रांगेत दिसत होत्या, त्यामागं हे सगळं आहे.

डिझेलचंही तसंच. त्या काळात डिझेलचा दर सरकारच्या हातात होता आणि तो पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवलेला असायचा. ठेवला होता शेतकऱ्यासाठी, ट्रकसाठी, एसटीसाठी, पण त्याचा फायदा सुमोवाल्यालाही मिळाला. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचा दर पूर्ण मोकळा झाला, तोवर कोणतीही मोठी गाडी विचारात घेताना डिझेल हे गृहीतच धरलेलं असे. तुमच्या स्रोतात ज्या गोष्टीवर कुणीच वाद घालत नाही, तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्या. बहुतेक वेळा धोरण तिथं लपलेलं असतं.

आता ‘कौटुंबिक गाडी’ या शब्दाकडे येऊ. माझ्या मते या विषयातला सगळ्यात फसवा शब्द हाच आहे.

जाहिरातीत आई-वडील, दोन मुलं, आजी-आजोबा, मागं डोंगर. आणि गावात तीच गाडी सोमवारी बाजाराला सीट भरून चाललेली. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी. एसटी जिथं दिवसातून दोनदा येते तिथं बाकीचा दिवस या गाड्यांचा. घराची गाडी लग्नसराईत, देवाला, दवाखान्याला. उरलेले दिवस ‘भाड्यानं’. हप्ता भाड्यातूनच फिटायचा असतो. ज्या घरानं सोसायटीचं कर्ज काढून, कुठं बायकांचं सोनं ठेवून गाडी घेतली, त्यांच्यासाठी गाडी हा निम्मा संसार आणि निम्मा धंदा होता.

कायद्याला मात्र हे निम्मं-निम्मं मान्य नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार भाड्याची गाडी चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेत असेल तर ती मोटार कॅब. सहाच्या वर आणि बारापर्यंत असतील तर मॅक्सी कॅब. दोन्हीला परवाना लागतो, ठरावीक मुदतीनं पासिंग लागतं, कर वेगळा. शिवाय असा परवाना कंत्राटी वाहतुकीचा : पूर्ण गाडी एका गिऱ्हाइकानं ठरवायची. वाटेत हात दाखवील त्याला घेणं, माणशी पैसे घेणं ही टप्पा वाहतूक, आणि तो हक्क एसटीचा. म्हणजे घरची म्हणून नोंदवलेली गाडी भाड्यानं चालली तर बेकायदा, आणि परवान्याची गाडी सीट भरत फिरली तरी बेकायदा. दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेनं.

इथून आसनांच्या आकड्याकडे बघा. सुमो दहा आसनांची म्हणून विकली जायची, मागं समोरासमोर बाक. चालक वजा केला तर नऊ, म्हणजे परवाना काढायचाच तर मॅक्सी कॅबचा. सात आसनी गाडीत चालक वजा केला की राहतात सहा, म्हणजे मोटार कॅब. करासाठी वस्तूंचं जे वर्गीकरण वापरतात त्यातही ‘चालक धरून दहा किंवा अधिक’ अशी एक वेगळी नोंद आहे. ‘किती माणसं बसतात?’ हा प्रश्न घरातल्या आत्याला वाटतो तसा नुसता ऐसपैसपणाचा नाही. सात, नऊ, दहा हे आकडे कायद्यात आधी ठरतात आणि त्याप्रमाणं बाक बसवले जातात. प्रत्यक्षात वडापात पंधरा बसतात, ती गोष्ट निराळी. ती कुठल्याच कागदावर सापडत नाही.

तुम्ही छायाचित्रांवर काम करणार असाल तर एक उपयोगी गोष्ट सांगतो. आज पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं दिसली की खाजगी गाडी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं दिसली की भाड्याची. पण हा नियम २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याआधी खाजगी गाडीची पाटी काळी असायची आणि अक्षरं पांढरी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असायची ती परवान्याच्या गाडीला. म्हणजे १९९६ च्या एखाद्या लग्नाच्या फोटोत सुमोला पांढरी पाटी दिसली आणि तुम्ही आजच्या डोळ्यांनी ‘कुटुंबाची स्वतःची गाडी’ असं लिहिलंत, तर अर्थ बरोबर उलटा होईल. तो फोटो भाड्यानं आणलेल्या सुमोचा आहे.

तसंच नावांचं. २००३ च्या आधीच्या वर्तमानपत्रांत ‘टाटा मोटर्स’ शोधलंत तर हाताला काही लागणार नाही, ‘टेल्को’ शोधा. पुणेकर तर अजूनही टेल्कोच म्हणतात. ट्रॅक्स बनवणारी आकुर्डीची कंपनीही त्या काळात ‘बजाज टेम्पो’ होती, ‘फोर्स’ नंतर झाली.

बरं, आता हिशोब. पुढचे आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत, ते कुठल्या खऱ्या गाडीचे नाहीत. समजा गाडी ‘अ’ लिटरला १२ किलोमीटर जाते आणि ‘ब’ १० जाते. ‘अ’ची किंमत ४०,००० रुपये जास्त आहे. डिझेल २० रुपये लिटर. ज्या घरात गाडी महिन्याला ५०० किलोमीटर फिरते तिथं ‘अ’मुळं महिन्याला आठ-सव्वाआठ लिटर वाचतात, म्हणजे सुमारे १६७ रुपये. वरचे ४०,००० भरून यायला २० वर्षं लागतील. अशा घरानं ‘ब’ घ्यावी, यात दुमत नको. आता तीच गाडी भाड्यानं महिन्याला ३००० किलोमीटर फिरवा. वाचतात ५० लिटर, म्हणजे १००० रुपये. चाळीस महिन्यांत पैसे वसूल, हप्ते संपायच्या आत.

गाड्या त्याच, अॅव्हरेज तेच, किंमत तीच. उत्तर उलटं. फरक पडला तो ‘कुटुंब’ या शब्दात काय भरलंय त्यानं. म्हणून ‘सुमो चांगली की बोलेरो’ यावर शंभर पानं लिहिता येतील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. पण ‘ज्या घरांनी गाडी घरासाठी आणि भाड्यासाठी अशी दोन्हींसाठी घेतली त्यांनी निवड कशी केली’ असा प्रश्न घेतलात की तुलनेला एक माप मिळतं. माझ्या कामात मी माप धरतो ते ‘उभी गाडी’. गाडी बिघडून दारात उभी राहिली की किती दिवसाचं भाडं बुडतं, तेवढा तिचा खरा खर्च. अॅव्हरेजचे आकडे कंपनी छापते, उभ्या गाडीचे दिवस कुणी छापत नाही.

आणि इथं ती दोन घराणी परत येतात. माझं गृहीतक असं : ज्या तालुक्यात टेल्कोचे ट्रक दुरुस्त करणारे फिटर जास्त, तिथं सुमो पक्की. जिथं जुन्या जीपांवर हात बसलेले फिटर, तिथं बोलेरो. पाटे कुठं मिळतात, क्लच प्लेट त्याच दिवशी येते का, रात्री अकराला कोण उठतो, यावर निवड ठरते. सुमोच्या कुळात पुढं ‘स्पेशिओ’ आली, तिच्यात ४०७ टेम्पोच्या जातीचं तीन लिटरचं इंजिन होतं. घरगुती गाडीत टेम्पोचं इंजिन म्हटल्यावर शहरातला माणूस नाक मुरडेल. ज्याच्या गावात दहा ४०७ आहेत त्याला यात सोय दिसते. हे गृहीतक तपासायचं तर आरटीओची नोंदणी तालुक्यानुसार आणि त्या तालुक्यातली गॅरेजं असं दोन्ही शेजारी ठेवावं लागतं. नुसत्या विक्रीच्या आकड्यांतून ते कळत नाही.

स्रोतांबद्दल अजून एक. १९९८ ला ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि १९९९ ला ‘ऑटोकार इंडिया’ सुरू झालं आणि गाड्यांच्या तुलनेची एक भाषाच तयार झाली : वेग, ब्रेक, वळणावरची पकड, आतला प्लास्टिकचा दर्जा. फार कामाचा स्रोत आहे, अंक मिळाले तर सोडू नका. पण ही तुलना ड्रायव्हरच्या सीटवर बसून केलेली आहे. मागच्या समोरासमोरच्या बाकावर आडवं बसून चार तास पंढरपूरला गेलेल्या माणसाचं मत त्यात नाही. त्या बाकावर कोण बसायचं? पुढं कर्ते पुरुष आणि पाहुणे, मधे म्हातारी माणसं, आणि सगळ्यात मागं पोरं घेऊन बायका, डोक्यावर सामान. गाडी बघायला शोरूममध्ये गेलेल्यांत त्या नसत, सोनं गहाण पडलेल्यांत असत. आडव्या बाकावरचा माणूस ब्रेक लागला की शेजारच्यावर आदळतो, आणि गाडी उलटली तर काय होतं ते मी लिहायला नको. खरेदीच्या चर्चेत हा मुद्दा कुठंच ऐकू येत नाही. तो मिळवायचा तर मुलाखत घेताना “कोणती गाडी चांगली होती?” असं विचारू नका. “तुम्ही कुठं बसायचात?” असं विचारा.

आता मार्गदर्शकांचा प्रश्न : हेच दोन का? एखादा परीक्षक नक्की म्हणेल, “क्वालिस कुठं गेली?” आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. टोयोटा-किर्लोस्करची क्वालिस जानेवारी २००० मध्येच आली, बिडदीच्या कारखान्यातून. मुळात ती इंडोनेशियातली ‘किजांग’. तिथं हे मॉडेल १९८६ पासून चाललं आणि नव्वदीच्या दशकातच बदललंही होतं, म्हणजे आपल्याकडे आली तेव्हा ती तिकडची मागच्या पिढीची गाडी होती. तरी इथं लोकांनी ती डोक्यावर घेतली. एक गंमत बघा, किजांगची सुरुवातही १९७० च्या दशकात आशियातल्या कुटुंबांसाठी साधी, मालवाहू कुळातली गाडी म्हणून झाली होती. मोठं कुटुंब, कमी पैसा, खराब रस्ता आणि निम्मा धंदा हे गणित एकट्या महाराष्ट्राचं नाही. क्वालिस २००५ च्या सुरुवातीला बंद करून कंपनीनं इनोव्हा आणली आणि ती वेगळ्याच खिशाची गाडी झाली.

मी क्वालिस बाजूला ठेवतो ती विसरून नाही. माझा प्रश्न तालुक्यातल्या फिटरचा आहे, आणि २००० साली टोयोटाला इथं ट्रकचं किंवा जीपचं घराणं नव्हतं. तुमचा प्रश्न शहरातल्या कंपन्यांच्या नेआणीचा असेल तर क्वालिस आधी घ्या आणि बोलेरो सोडून द्या. जोडी कशी निवडली हे आराखड्यात दोन वाक्यांत लिहा. परीक्षक तेवढंच शोधत असतो.

शेवटी निकालाचं. आज आपल्याला माहीत आहे की सुमो २०१९ मध्ये बंद झाली आणि बोलेरो टिकली. हे माहीत असल्यामुळं हात शिवशिवतात : बोलेरो मुळातच चांगली होती असं लिहून टाकावं. थांबा. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. हा नियम करताना डोळ्यांपुढं छोट्या कार होत्या. बोलेरोची लांबी ४१०७ मिलिमीटर होती. २०१६ मध्ये महिंद्रनं बंपरपाशी कात्री लावून ती ३९९५ वर आणली, आत दीड लिटरचं इंजिन बसवलं आणि गाडी कमी कराच्या रेषेत घातली. सुमो गोल्ड ४२५८ मिलिमीटरची, इंजिन तीन लिटरचं. तिला त्या रेषेत बसवायचं तर नवीच गाडी करावी लागली असती. मग जुलै २०१९ पासून एअरबॅग वगैरेचे नवे सुरक्षा नियम लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. जुन्या चासीवर तेवढा खर्च करायचा की नाही, हा कंपनीचा हिशोब होता. जीएसटीतही चार मीटरची ती रेषा कायम राहिली.

११२ मिलिमीटर म्हणजे साडेचार इंचही नाहीत. २००१ साली ओसरीवर बसलेल्या थोरल्यांना आणि धाकट्याला गाडीची लांबी मोजायचं काही कारण नव्हतं. मोजलीच असेल तर ती वाड्याच्या दरवाजातून आत येते का, एवढ्यापुरती.